सुरक्षित उंची

नखाला ती लागली आणि नीरजाने बोट तिथंच थांबवलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. दिव्याखाली धरला की तो अ‍ॅल्युमिनियमचा जॉब, मशीनवर नुकताच कापलेला तुकडा, नुसता चकाकायचा, पालथ्या वाटीसारखा, गुळगुळीत, निर्दोष... पण नख आडवं फिरवत नेलं की एका जागी ते किंचित अडायचं. केसाहूनही बारीक अशी एक उभी रेघ, माथ्यापासून काठापर्यंत. आणि आज ती रेघ डावीकडे होती.

तिने जॉब पुन्हा फिरवला. मार्कर पेनाने केलेली काळी खूण समोर घेतली. ही मशीनच्या दाराकडची बाजू, आठवडाभर रेघ इथंच यायची. आता इथं नख सरळ घसरत होतं. मग पाव वळसा, आणि तिथं... हो. सकाळी तिने जिथं सरकवली होती, नेमकी तिथं.

“परत आली ना ओ?”

काचेच्या केबिनच्या दारात प्रणित उभा होता, हातातलं फडकं पिळत. त्याने फक्त तिचं थांबलेलं बोट पाहिलं होतं. रेघ कुठे आली ते त्याला दिसलं नव्हतं.

“आली,” ती म्हणाली.

“आठवडाभर तो क्लॅम्प घासतोय मी. आईच्या कोयत्यालापण एवढी धार नाय, मॅडम, आता त्याच्यात तोंड दिसतं माझं.” तो हसला. मग हसू तसंच चेहऱ्यावर विसरून म्हणाला, “जाऊ दे. जेवणानंतर लेथवरच जायचंय मला. साहेब बोलले.”

तो गेला. दिवा स्टेशनपलीकडच्या, खाडीकडच्या गावातला कोळ्यांचा मुलगा. डोंबिवलीच्या या कारखान्यात सहा वर्षं मागच्या शेडमधल्या जुन्या लेथवर काढल्यावर चार महिन्यांपूर्वी त्याला हे नवं, कॉम्प्युटरवर चालणारं मशीन मिळालं होतं. पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांना पेढे वाटले होते, केबिनमध्येही एक आणून दिला होता. तिने तो कागदात गुंडाळून घरी नेला होता. प्रयोगशाळेतल्या कुठल्याशा उपकरणाची ही झाकणं गिऱ्हाइकाने परत पाठवली तेव्हा मालक सुधीरसाहेबांनी निकाल देऊन टाकला: जॉब क्लॅम्पमध्ये नीट धरला जात नाही, कापताना हलतो, म्हणून रेघ. आणि धरतो कोण, तर प्रणित. त्यावर कुणी काही बोललं नव्हतं. तीसुद्धा.

मीसुद्धा... पण तेव्हा मला माहीत नव्हतं. हे खरं होतं. तेव्हा माहीत नव्हतं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला हे एकदा डोक्यात बसलं ते कायमचं. टूल, म्हणजे मशीनचं कापणारं पातं, त्या वाटीभोवती एकाखाली एक अशी गोल कडी कापत उतरतं. आज सकाळी तिने प्रत्येक कड्याची सुरुवात फक्त पाव वळसा पुढे ढकलली होती, बाकी कशाला हात लावला नव्हता, कुणाला सांगितलंही नव्हतं. रेघ क्लॅम्पमुळे येत असेल तर ती क्लॅम्पपाशीच राहील. टूलला वाट दाखवणाऱ्या, तिनेच लिहिलेल्या प्रोग्राममुळे येत असेल तर सरकेल. इतका साधा प्रयोग, आणि तो यशस्वी झाला होता. ती इकडेतिकडे पाहू लागली, जणू हे ज्याला सांगावं असं कुणी केबिनमध्ये असेल.

पडद्यावर तिने टूलचा मार्ग उघडला. निळी कडी म्हणजे कापणं, पिवळ्या रेषा म्हणजे नुसतं हवेतून जाणं. पिवळ्या रेषा पावसाच्या धारांसारख्या दाट होत्या. प्रत्येक कडं संपलं की टूल सरळ वर, क्लॅम्पच्या, जॉबच्या, सगळ्यांच्या वर, तिने ठरवलेल्या सुरक्षित उंचीवर. तिथून पुन्हा खाली, पुढच्या कड्यावर, त्याच जागी. आणि प्रत्येक वेळी उतरताना धातूत इवलासा घाव. एकट्या घावाला काही किंमत नाही. पण सगळे एकाखाली एक आले की त्यांची रेघ होते.

टूल वर न्यायची सक्ती सॉफ्टवेअरची नव्हती. ती तिची होती. नवीन प्रोग्राम उघडला की पहिली ती उंची भरायची, दाराची कडी लावावी तशी, न बघता. इतर कामांत ते खपून जायचं. चपटे तुकडे, भोकं, खाचा... तिथं उतरण्याची जागा कुणाच्या नखाला लागत नाही.

वागळे इस्टेटमधली ती पहिली नोकरी. तेवीस वर्षांची ती, आणि तिचा स्वतःचा असा पहिला प्रोग्राम. टूल एका खाचेतून दुसऱ्या खाचेकडे आडवं निघालं, आणि मध्ये क्लॅम्पचा बोल्ट होता जो तिच्या पडद्यावर नव्हता. तो आवाज. आवाज तरी बरा, तो संपला. त्यानंतर अख्खी शेड शांत झाली आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. कुणी ओरडलं नाही. एक माणूस केरसुणी घेऊन आला आणि तुकडे गोळा करू लागला, तिच्या पायाजवळचे सुद्धा, ‘जरा बाजूला व्हा ताई’ म्हणून... त्यानंतर तिचं टूल कधी कशावर आपटलं नाही. कुठल्याही टूलला ती दोन कामांच्या मध्ये जमिनीलगत राहू देत नसे.

उठायला हवं होतं. वीस पावलं नसतील मशीनपर्यंत. तिने डबा उघडला.

पोळी-भाजी. काल शेजारच्या हेमाकाकूंनी वाटीभर अळूची भाजी दिली होती, तीच. आई गेल्यापासून काकू आठवड्यातून एकदा काहीतरी देतात; ती त्याच संध्याकाळी वाटी घासून, रिकामी देऊ नये म्हणून तीत साखर घालून परत करते. उंबऱ्याबाहेरूनच. “आत ये की गं.” “नको काकू, कुकर लावलाय.” कुकर लावलेला नसतो. रविवारी ठाण्याहून मेघनाचा फोन येतो, बहीण विचारते जेवलीस का, पाणी आलं का, ती सांगते जेवले, आलं, आणि मग दोघी बरं म्हणतात... प्रत्येक वेळी तिथूनच सुरुवात, तिथंच—

नाही. असल्या उपमा तिला आवडत नसत. टूल म्हणजे टूल. तिने घास चावून चावून खाल्ला. अळूला चिंच जरा जास्त झाली होती. हे तिने काकूंना सांगितलं नव्हतं. छान झालंय म्हणाली होती. काचेपलीकडे प्रणित मशीनपाशी काहीतरी आवरत होता. बोट वर करून त्याला नुसतं ‘थांब’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तिने डबा धुतला, पुसला, झाकण लावलं.

सुधीरसाहेब टेबलावर संत्रं सोलत होते. तिने वाक्यं जुळवून आणली होती.

“साहेब, ती रेघ क्लॅम्पमुळे येत नाही. माझ्या प्रोग्राममुळे येते. मी सकाळी तपासलं. प्रणितचा त्यात काही—”

“सुटेल का?”

“हो. टूल वर न उचलता गोल गोल खाली उतरवायचं, सलग. मग—”

“आज?”

“आत्ता.”

“मग झालं तर!” त्यांनी एक फोड तिच्यापुढे धरली. “अहो, चेहरा केवढा केलाय! मला वाटलं राजीनामाबिजीनामा देताय. घ्या, गोड आहे.” आणि दाराकडे तोंड करून, “प्रणित! तू राहा रे तिथंच. लेथ नको.”

संपलं. जुळवलेली उरलेली वाक्यं तशीच आत राहिली. शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तशी ती क्षणभर उभी राहिली, हातात संत्र्याची फोड घेऊन. म्हणजे इतकी वर्षं कुणीच बघत नव्हतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, त्या शांत शेडमधून सगळी माणसं उठून गेल्यासारखं वाटलं, आणि तिथं ती एकटीच उभी होती.

मार्ग बदलायला वेळ लागला नाही. कड्यांच्या जागी एकच लांबलचक वळण, माथ्यापासून काठापर्यंत. पिवळी रेषा सुरुवातीला एक आणि शेवटी एक. मधली सगळी गेली होती. पडदा उघडा उघडा दिसत होता. खालच्या वळणात टूल क्लॅम्पच्या जवळून जात होतं, पण तितकं जवळून ते आधीही जायचंच. धोका नवा नव्हता. तिने अंतर तीनदा मोजलं.

प्रोग्राम घेऊन ती मशीनपाशी गेली तेव्हा प्रणित पॅनलच्या कडेला अंगठा दाबून उभा होता. अंगठा काढला की खालचं चित्र सुटून लोंबायचं. एकविरेचा छोटा फोटो.

“काढलेला मगाशी,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “साहेबांनी हाक मारली त्याच्या आधीच. आता गोंद नाय धरत.”

मगाशी. म्हणजे ती चिंच जास्त झाली असं मनाशी म्हणत होती तेव्हा.

“म्हणजे माझं काय नव्हतंच ना?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग बरं.” त्याने फोटो खिशात टाकला आणि प्रोग्राम चढवला. “थांबताय ना? असा कधी चालवला नाय मी. नेहमी देता आणि जाता तुम्ही.”

ती थांबली. त्याने दार लावलं, एक बोट लाल बटणावर ठेवलं, दुसऱ्या हाताने वेग अर्ध्यावर आणला. पांढरट पाण्याची धार सुटली, आणि त्या धारेत टूल जॉबच्या माथ्याला टेकलं.

तिच्या प्रोग्रामांना एक चाल होती. कापणं, मग उचल, आणि त्या उचलीत क्षणभर नुसतं पाण्याचं पडणं. मग पुन्हा कापणं. केबिनमध्ये पाठ फिरवून बसली तरी तिला त्या थांबण्यावरून कळायचं की सगळं ठीक आहे. आता ती त्या थांबण्याचीच वाट पाहत होती. टूल उचललं गेलं की बोलायचं, असं तिने ठरवलं होतं. प्रणित, मला जेवायच्या आधीच कळलं होतं. तरी मी जेवत बसले. एवढंच. दोन वाक्यं, एका उचलीत सहज मावणारी.

पण टूल उचललं जात नव्हतं. आवाज एकसारखा चालला होता, किंचित चढत, किंचित उतरत, मध्ये कुठे फट न ठेवता. तिच्या छातीत काहीतरी वर येऊ पाहत होतं आणि प्रत्येक वळणाला पुन्हा खाली ओढलं जात होतं. क्लॅम्पजवळून टूल गेलं. गेलं. तिची बोटं प्रणितच्या बाहीला लागली होती, केव्हा ते तिला कळलं नाही, आणि तिने ती मागे घेतली नाहीत.

तिने तोंड उघडलं.

“काय?” काचेवरची नजर न काढता प्रणित ओरडला. “काय बोललात?”

ती काही बोलली होती की नाही, याची तिला खात्री नव्हती.

“ऐकू नाय येत! जवळ येऊन बोला ना ओ!”

टूल पुढच्या वळणात शिरलं. बोलायचंच तर या आवाजातच बोलायला हवं होतं, ओरडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं... आणि एवढ्या मोठ्याने आपला आवाज कसा लागतो, हे तिला आठवेना.