एकटीचं पाणी

साइमीकाकूच्या घरी पोचलो तेव्हा तिची मुलगी मार्केता आईचे स्वेटर बॅगेत कोंबत होती. बाहेर उणे तीस, आणि मोरीतलं पाणी तुंबून दारापर्यंत आलेलं.

"मैल्याची टाकी बाद झालीय, पण नवीन नको, काही नको," मार्केता मला म्हणाली. "आई माझ्याकडे येतेय."

"मी कुठेही येत नाही," साइमीकाकू स्वयंपाकघरातून ओरडली.

मी मैला उपसणारा माणूस, मला काय? पण धडधाकट टाकीला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. झाकण उघडलं. टाकी शाबूत, शोषखड्ड्यावर गुडघाभर बर्फाचं पांघरूण, कोणी हात न लावलेलं, म्हणून तोही न गोठलेला. गोठला होता तो घरातून येणारा पाइप. त्यात वाफ सोडली आणि म्हणालो, "काकू, पाणी वापरता की नुसतं बघता?"

"एकटीला कितीसं लागतं?"

"तिथंच घोडं अडलंय. चांगलं भसाभस गरम पाणी गेलं की पाइप उबदार राहतो. चमचा चमचा सोडलंत तर वाटेतच गोठणार. साउनाची न्हाणी तापवत नाही का? तिथं बदाबदा पाणी जातं."

"एकटीसाठी?"

एवढ्यात माझा टँकर बघून शेजारचा ताउनो आला. पूर्वी दर शनिवारी ही सगळी आळी साइमीकाकूच्या साउनात घाम काढून न्हायची. काका गेले आणि ते थांबलं.

"तुम्ही बोलावलंच नाही, काकू," ताउनो म्हणाला.

"बोलवायचं? शनिवारी धूर दिसला की यायचं असतं, नवा आहेस का इथं? काका गेल्यावर तापवली होती मी. दोन शनिवार. वाट बघत बसून राहिले."

ताउनो बुटांकडे बघू लागला. "धूर दिसला होता. म्हटलं, दुःखात आहेत, एकटीने न्हाऊ द्यावं. सगळ्यांनी तेच म्हटलं."

मला इतका संताप आला की काय सांगू! आमची माणसं भिडस्तपणापायी एखादीला घराबाहेर काढतील, पण दार वाजवणार नाहीत.

पाइप मोकळा झाला. पाणी खळखळत टाकीत उतरलं.

"आज गुरुवार आहे," साइमीकाकू म्हणाली.

"असू दे की," म्हणत ताउनो लाकडं आणायला गेला.

मार्केता बॅगेशी उभीच होती. मग खाली बसून बूट काढायला लागली. "आई, माझा टॉवेल आहे का गं इथे?"

"सगळ्यांचेच आहेत," काकू म्हणाली. "दर महिन्याला धुते."