नीलम्माचं वय

बहात्तरच्या दुष्काळात माझी धाकटी बहीण नीलम्मा चौदा वर्षांची होती, पण दिसायची आठांची. उदगीरजवळ रस्त्याच्या कामावर मी आणि आमची आई, अव्वा, खडी फोडायचो. तिथं लहान पोरांना सरकारकडून खायला सुकडी मिळे. म्हणून मीच तिला शिकवलं, "सायबानं वय इचारलं की खाली बघायचं अन् आठ म्हणायचं."

एकदा ती खरं बोलून गेली. सुकडी हुकली आणि मी तिच्या थोबाडीत दिली. पुन्हा ती कधी चुकली नाही.

दुष्काळ सरला. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा जन्माचाच दोष आहे. उंची वाढणार नाही, पाळी येणार नाही. पण डोकं शाबूत आहे. वयाप्रमाणे वागवा तिला." अव्वानं मान डोलावली आणि घरी येऊन तिला परकर-पोलकंच शिवलं. पाहुणे तिच्या हातावर खडीसाखर ठेवायचे. तिला कुणी काही विचारलं की उत्तर आम्ही द्यायचो. ह्याला आम्ही माया म्हणत होतो. डोंबलाची माया!

तरी ती मॅट्रिक झाली. लातूर जिल्हा झाला, नव्या कचेरीत कारकून भरणार होते. नीलम्माचं अक्षर मोत्यासारखं. मुलाखतीचा कागद आला तेव्हा ती म्हणाली, "अक्का, नोकरी लागली की म्या लातुरात एकटी राहणार." जन्मात पहिल्यांदा तिनं स्वतःसाठी काही मागितलं होतं.

मी तिला माझं लुगडं नेसवलं. एसटीत कंडक्टरनं न विचारताच अर्धं तिकीट फाडलं. मी भांडले, ती खिडकीबाहेर बघत राहिली.

उकाड्यामुळं मुलाखतीच्या खोलीचं दार उघडंच होतं. मी दाराशी उभी. तिनं नाव सांगितलं, तालुके सांगितले, अर्जाचा मसुदा झरझर लिहून दिला. साहेब खूश दिसले. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं सहज, प्रेमानंच विचारलं, "बाळ, वय किती तुझं?"

नीलम्मानं खाली बघितलं.

"आठ."

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. मला राहवलं नाही, मी आत घुसले. "चोवीस हाय, सायेब! चोवीस!"

"त्यांनाच बोलू द्या," साहेब म्हणाले. बराच वेळ थांबले बिचारे. नीलम्माची मान काही वर झाली नाही. मग त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

बाहेर ओसरीवर तिचा पदर घसरला होता. तो सारखा करायला मी हात उचलला, तर तिनं दोन्ही हातांनी गाल झाकून घेतला.