टाळी वाजली तरी खाणं नाही

जपानातल्या निगाताच्या डोंगरात पहिला बर्फ पडायच्या आत परसातलं तळं आवरून घ्यावं लागतं. यंदा मी घोटा मोडून घेतला होता, म्हणून पडवीत घोंगडी पांघरून नुसती देखरेख करत होतो. देखरेख म्हणजे राबायचं दुसऱ्याने आणि दमायचं आपण.

राबत होती माझी सून नारुमी. ती ओकिनावाची, दूर दक्षिणेकडच्या उबदार बेटावरची; बर्फ तिने फक्त सरबताच्या पेल्यात पाहिलेला. माझा मुलगा शुन्पेई मासा ताटात आल्यावरच त्याच्याकडे बघतो. त्यामुळे माझ्यामागे या तळ्याचं काय, हा घोर मला लागलेला. आमचा लाल-पांढरा कोई मासा शुन्पेईहून वयाने मोठा आहे. त्याला आम्ही मंत्री म्हणतो. तोंड कायम उघडं, पोट कधी भरत नाही.

"जलपर्णी सगळी काढ," मी सांगत होतो. "कमळाची पिवळी पानं छाट, आणि कुंडी खोल पाण्यात सरकव."

"कुंडी कालच सरकवली, बाबा. तुम्ही झोपला होतात."

"मी डोळे मिटून बघत होतो."

"घोरत बघत होते," आतून माझी बायको फुमिए म्हणाली.

मग मी सुनेला मुख्य गोष्ट सांगितली. पाण्यात हात घालायचा. मनगटात कळ गेली की माशांचं खाणं बंद, ते थेट वसंतापर्यंत. गारठ्यात त्यांना पचत नाही. खाल्लेलं पोटात सडतं आणि मासा बर्फाखाली मरतो. मग तो कितीही तोंड वासो.

तिने हात घातला, झटकन बाहेर काढला, आणि खाण्याचा डबा उचलून आत घेऊन गेली.

नेमके दुसऱ्या दिवशी कोई-मंडळाचे अध्यक्ष आले. बर्फाच्या भारापासून राखायला तळ्यांवर फळ्या पडतात, त्याआधी ते घरोघर फिरतात. काठावर उभे राहून दोन टाळ्या वाजवतात. मासे वर आले आणि पाहुण्याच्या हातून खाल्लं, की त्या घराची मान ताठ. शेजारचा कानरोकु त्यांच्या मागोमाग होताच. दुसऱ्यांच्या माना खाली जाताना बघणं हा त्याचा छंद.

टाळ्या वाजल्या. मंत्री सावकाश वर आले आणि त्यांनी तोंड उघडलं. अध्यक्षांनी तळहात पुढे केला.

"नारुमी, डबा आण!" मी ओरडलो. पाहुणा दिसला की आमच्या गावात अक्कल आधी चहा करायला जाते.

"नाही, बाबा."

"अगं, अध्यक्ष आलेत!"

"माशाच्या पोटाला ते कसं कळणार?"

कानरोकुला आयतंच सापडलं. "बघा, दक्षिणेकडची सून! पाहुण्याचा मान नाही आणि मासा उपाशी. तोकुझो, तुझा मंत्री काही हा हिवाळा काढत नाही."

"काका, जरा इकडे या," नारुमी म्हणाली. "हात घाला पाण्यात."

"मला शिकवतेस?"

"विचारतेय. घाला ना."

चारचौघांत नाही म्हणवेना. कानरोकुने बाही वर करून हात घातला. त्याच्या भुवया वर गेल्या.

"कळ आली?"

"छे! म्हणजे... थोडी."

"मग देऊ डबा?"

कानरोकु बराच वेळ हात पुसत राहिला. अध्यक्षांनी पुढे केलेला तळहात हळूच खिशात घातला आणि ते माझ्याकडे वळले.

"तोकुझो-सान, या तळ्यावर शब्द कोणाचा चालतो?"

'माझा' म्हणायला मी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, "सुनेचा." ते ऐकून माझी छाती अशी फुगली की घोंगडी खाली पडली.

अध्यक्षांनी नारुमीला वाकून नमस्कार केला, मुळ्याचं लोणचं खाल्लं, चहा घेतला आणि ते कानरोकुकडे गेले. कुंपणापलीकडून दोन टाळ्या ऐकू आल्या. मागोमाग कानरोकुची हाक.

"अगं, डबा कुठाय?"

"लपवलाय!" त्याची बायको म्हणाली. "आधी पाण्यात हात घाला!"

"आत्ताच घातला की!"

"तो त्यांच्या तळ्यात. आता आपल्यात घाला."

संध्याकाळी कानरोकु कुंपणापाशी आला. "तुझ्या सुनेने माझं घर बिघडवलं. आणि तू गावभर निरोप काय धाडतोस? सगळ्यांदेखत तिने सासऱ्याला नाही म्हटलं, ही काय मिरवायची गोष्ट आहे?"

"मिरवणारच. तुझ्या सुनेला जमेल?"

त्याने कुंपणाची एक काठी उगाच हलवून पाहिली.

"उद्या तळ्यावर फळ्या टाकायच्यात," मी म्हणालो. "तुला मदतीला बोलावलंय."

"कोणी, तू?"

"नारुमीने."

कानरोकुने मनगट चोळलं. "किती वाजता यायचं म्हणाली?"