हार्ड डिस्कची मालकीण

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढे सरका; जागा पुष्कळ आहे आणि गोष्ट लहान आहे. वाकड्या पावलांची आहे, एका हार्ड डिस्कची आहे, आणि एका आत्याची आहे. मन लावून ऐकलीत तर कंटाळा येणार नाही, एवढं वचन देता येईल.

एक कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. दोन खोल्या, एक माळा, आणि जिन्यापर्यंत कातड्याचा वास. सरळ पावलांचे बूट तिथे होत नसत. एक पाय आखूड, टाच तिरपी, बोटं एकमेकांवर चढलेली, अशा माणसांचे होत. बाबा करायचे. शेवटच्या काही वर्षांत पावलं मोजणारं यंत्र आलं, तळ कापणारं मशीन आलं, आणि ते चालवायला लिनक्स नावाची प्रणाली घातलेला एक कॉम्प्युटर आला. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पावलाची फाइल बाबा एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवत, आणि ते फोल्डर फक्त स्वतःलाच उघडेल असं करून ठेवत. कुणाचं पाऊल ही चार लोकांना दाखवायची वस्तू नाही, असं त्यांचं म्हणणं.

मागच्या थंडीत बाबा गेले. महिन्याभरात त्यांचा कॉम्प्युटरही गेला. घरच्यांनी दोघांसाठी वेगवेगळं रडून घेतलं.

थोरल्या मुलीने, जिला सगळा कारखाना ताई म्हणत असे, नवा कॉम्प्युटर आणला. रविवारी तो मांडला, त्यातही लिनक्स घातलं. अर्ध्या वाटेत त्याने विचारलं, तुमचं नाव काय? ताईची बोटं कळांवर गेली, तोच मागून आत्याचा आवाज आला.

“पहिलं नाव कुणाचं घालतेस?”

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. त्या घरात दारावरच्या पाटीपासून आमंत्रणपत्रिकेपर्यंत पहिलं नाव मोठ्या माणसाचं, हा आत्याचा नेम होता. बाबांनी पहिला कॉम्प्युटर घेताना स्वतःचं नाव घालून तो नेम मोडला होता, आणि हे आत्या विसरली नव्हती.

“आत्या, ही पत्रिका नाही गं.”

“पहिलं नाव लागतंय ना? मग मोठ्याचं लागतं.”

आत्याचं नाव घातलं. मग पासवर्ड आला. पासवर्ड कुणालाही सांगायचा नसतो, हे ताईनेच समजावून सांगितलं आणि चूक केली. आत्याने सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, आणि एका बोटाने अकरा मिनिटं टाइप केलं. त्यानंतर ताईने दुसरं खातं स्वतःच्या नावाने काढलं. आत्या समाधानाने चहा करायला गेली.

बुधवारी सकाळी पोस्टमन आला. डावा पाय दोन बोटं आखूड, म्हणून डाव्या बुटाचा तळ जाड. तो तळ झिजून सपाट झाला होता आणि आता मधोमध तडकलाही होता.

“ताई, उद्या दहाला साहेबांसमोर चालून दाखवायचंय. एक तास. लंगडलो तर मला आत बसवून शिक्के मारायला लावतील. एकोणीस वर्षं दारोदार फिरलोय, आत बसून मी मरेन.”

“काळजी करू नका, तुमची फाइल आहे,” ताई म्हणाली. “पाचच्या आत तळ कापून दाबाखाली घातला की सकाळी बूट तयार.”

नव्याने माप घ्यायचं म्हटलं तर तीन खेपा आणि आठवडा. या पोस्टमनच्या तळाची नेमकी उंची सापडायला बाबांना दोन वर्षं लागली होती. अंमळ जास्त झाली की कंबर धरायची, अंमळ कमी की लंगडायचा.

ताईने हार्ड डिस्क जोडली. फोल्डर दिसलं. त्यावर कुलपाची खूण होती. उघडायला गेली तर उत्तर आलं: परवानगी नाही.

ताईने पुन्हा दाबलं, जरा जोरात.

तिचा नवरा शिलाईच्या मशीनवरून उठून आला. बुटांची वरची कातडी तो शिवायचा. आत्या त्याला जावईबापू म्हणे. “काढून परत लाव,” तो म्हणाला. लावली. “बंद करून चालू कर.” केला. “मग फॉरमॅट मार.”

“फॉरमॅट म्हणजे काय, ठाऊक आहे?”

“नाही. पण सगळे तेच मारतात.”

“चौदाशे माणसांची पावलं पुसली जातील.”

जावईबापूंनी टेबलावरचा हात उचलून खिशात ठेवला.

ताईने मग फोल्डरची माहिती काढली. मालक कोण, या रकान्यात आत्याचं नाव होतं.

ताई त्या नावाकडे बघत राहिली. आत्या खिडकीशी बसून जुन्या तळांतले खिळे उपसत होती. भाऊ गेल्यावर तिसऱ्याच दिवशी ती म्हणाली होती, त्याचं जे काही आहे त्यावर पहिला हक्क माझा. तेव्हा सगळ्यांनी ते दुःखाच्या खात्यात टाकलं होतं.

“आत्या, तू कॉम्प्युटरला हात लावलास?”

“रविवारनंतर? देवाशपथ नाही.”

“मग बाबांची सगळी पावलं तुझ्या नावावर कशी?”

आत्याने पकड खाली ठेवली. चष्मा चढवून आली, वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“किती आहेत?”

“चौदाशे.”

“बरं,” आत्या म्हणाली आणि स्टुलावर बसली. मृत्युपत्र वाचून झाल्यावर ज्याचं नाव निघालं तो माणूस बसतो, तशी.

“आत्या, केलंत कसं तुम्ही?” जावईबापूंनी आदराने विचारलं.

“मी कशाला करू? त्यानेच केलं, जाता जाता. मला वाटलंच होतं. तोंडाने कधी बोलला नाही मेला, पण करून गेला.” आणि तिने पदराने डोळे पुसले.

आता ताईची पंचाईत झाली. बाहेर बाकावर पोस्टमन मोज्यांनिशी बसला होता, भिंतीवर घड्याळ चालत होतं, आणि आत आत्या सुखाने रडत होती. ताई इंटरनेटवर शोधत सुटली. जावं तिथे एकाची रडकथा आणि खाली दहा जणांचे वाद. एक म्हणे, सगळ्यांना सगळं उघडं करून टाक. दुसरा म्हणे, फॉरमॅट. जावईबापूंनी “बघ” अशा अर्थाने घसा खाकरला.

शेवटी एक जुनं पान सापडलं. अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी विचारलं होतं, नव्या कॉम्प्युटरवर माझी डिस्क मला ओळखत नाही. खाली एकच उत्तर होतं, लांबलचक. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव ‘म्हातारं मांजर’ एवढंच ठेवलं होतं.

‘बाळा, आधी पाणी पी,’ अशी सुरुवात होती. ‘तुझं काही हरवलेलं नाही. मशीनला माणसाचं नाव कळत नाही, आकडा कळतो. पहिल्या खात्याचा हजार, दुसऱ्याचा हजार एक. डिस्क स्वतःच्या अंगावर नाव लिहीत नाही, आकडा लिहिते. ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावलीस की तिथला हजार जो कोणी, त्यालाच ती मालक समजते. सगळ्यांना सगळं उघडं करू नकोस. ज्याने जपून ठेवलं त्याचा मान राख. मालक आहे तोच असू दे. एक गट कर, कामाची माणसं त्यात घाल, फोल्डर त्या गटाच्या हवाली कर.’ खाली एकेक ओळ, एकेका ओळीचा अर्थ, कुठे थांबायचं, काय चुकलं तर काय दिसेल. आणि शेवटी: ‘पहिल्या खात्याचा पासवर्ड लागेल. त्या माणसाशी गोड बोल.’

ज्याने विचारलं होतं तो पुन्हा आलेला दिसत नव्हता. आभार कुणीच मानले नव्हते.

तीन वाजले. ताई आत्यासमोर उकिडवी बसली. थाप मारता आली असती. पण तिने एकदा बाहेरच्या बाकाकडे पाहिलं आणि खरं तेच सांगून टाकलं.

“म्हणजे जुन्यात तो हजार होता.”

“हो.”

“आणि नव्यात मी हजार.”

“हो.”

“त्याने दिलं नाही मला.”

“नाही, आत्या.”

जावईबापूंनी माळ्याच्या फळ्या मोजायला घेतल्या.

“आता पासवर्ड सांग.”

“पासवर्ड सांगायचा नसतो. तूच म्हणालीस.”

“मग तू घाल.”

“घालते की. आणि माझं नाव पुसून टाकाल.”

“नाही पुसणार. मालकीण तूच. आम्ही नुसता गट.”

“गट!” आत्या म्हणाली, आणि जागची हलली नाही.

बाहेरून पोस्टमनने मान आत घातली. “मी थांबू की जाऊ?”

“तुम्हाला कुणी विचारलं?” आत्या खेकसली.

“कुणी नाही, आत्या. मला उद्या चालायचंय, तेवढंच कळतं. बाकी घरचं तुमचं तुम्ही बघा.” तो परत बाकावर टेकला. त्याचा उजवा पाय जमिनीवर होता. डावा अधांतरी, दोन बोटं वर, मोज्याच्या टोकाशी जरासा हलत.

आत्या त्या दोन बोटांच्या फटीकडे बराच वेळ बघत राहिली. भाऊ शाळेत जायच्या आधीपासून ती बूट करणाऱ्यांच्या घरात वाढली होती; तिला ती फट सहन होत नव्हती.

ती उठली. “भिंतीकडे तोंड करा. सगळे. अहो पोस्टमन, तुम्हीसुद्धा.”

पोस्टमन दारातल्या दारात भिंतीकडे वळला. ताईने कॉम्प्युटरला हुकूम लिहायची काळी खिडकी उघडून दिली आणि वळली. कळा वाजल्या. थांबल्या.

“अक्षरं उमटत नाहीत.”

“उमटत नसतात आत्या, कुणाला दिसू नयेत म्हणून.”

“अगं, पण मला?”

“तुलाही नाही.”

“मग मी घातलं का नाही हे मला कोण सांगणार?”

“घाल तशीच. विश्वासाने.”

पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा आत्या ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत एकेक कळ दाबत गेली, आणि खिडकीने तिला आत घेतलं. लगेच कॉम्प्युटरने पासवर्ड पुन्हा विचारला.

“आत्ताच सांगितला की! बहिरा आहे का हा?”

पण घातला. मग ताईने मांजराच्या ओळी एकेक करून लिहिल्या. गट केला, त्यात स्वतःला घातलं, फोल्डर गटाच्या हवाली केलं. गटात घेतलेलं माणूस एकदा बाहेर जाऊन परत आत आल्याशिवाय कॉम्प्युटर त्याला ओळखत नाही, हेही मांजराने लिहून ठेवलं होतं. ताई बाहेर पडली, आत आली. फोल्डर उघडलं. चौदाशे पावलं. मालक या रकान्यात आत्याचं नाव, जसंच्या तसं. आत्याने चष्मा लावून खात्री करून घेतली.

पोस्टमनच्या तळाची उंची निघाली साडेचौतीस मिलिमीटर. पाचला सात मिनिटं असताना तळ दाबाखाली गेला.

दुसऱ्या दिवशी नऊला पोस्टमन बूट घालून गेला. दहा वाजले, अकरा वाजले. कारखान्यात कुणी त्याचं नाव काढलं नाही. जावईबापूंनी एकच शिवण दोनदा घातली. बारा वाजले. एकच्या सुमाराला दारात सायकल टेकवल्याचा आवाज आला आणि खाकी पिशवी घेऊन पोस्टमन आत आला.

“विजेचं बिल,” तो म्हणाला. “आणि एक रजिस्टर पत्र. मालकाची सही लागेल.”

ताईने आत्याकडे पाहिलं. आत्याने हात पुसले, सही केली, पेन परत दिलं, आणि तो सायकल ढकलत कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभी राहिली.

“डावा खांदा अजून केसभर खाली जातोय,” ती आत येत म्हणाली. “त्याची फाइल काढ, मला बघू दे.”

फाइल काढण्याआधी ताईने ते अकरा वर्षांचं पान उघडलं आणि तळाशी लिहिलं, ‘पोस्टमन चालला. आभारी आहोत.’ उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच बहुधा.

तर मंडळी, आता उठाल, घरी जाल. झोपण्याआधी आपापल्या माणसांसाठी हात जोडाल, तेव्हा एक क्षण जास्तीचा काढा. कुठल्याशा खोलीत बसून, न पाहिलेल्या माणसाला ‘बाळा, आधी पाणी पी’ असं लिहून ठेवणाऱ्या त्या म्हाताऱ्या मांजराची आठवण तेवढी ठेवा.