डाव्या पायाचा ब्रेक

मालिनीला गाडी चालवता येत नव्हती, पण गाडी कधी थांबणार हे तिला आधीच कळायचं. ते कळायचं नवऱ्याच्या डाव्या टाचेवरून. श्यामकांतची बुलेट होती आणि बुलेटला ब्रेक डाव्या पायाला, गिअर उजव्याला. बाकी सगळ्या गाड्यांचं बरोबर उलट. बायका तेव्हा मागे एका अंगाला बसायच्या, पदर सावरत, दोन्ही पाय डावीकडच्या पट्टीवर. म्हणजे मालिनीच्या पायाची बोटं आणि श्यामकांतच्या बुटाची टाच यांच्यात जेमतेम बोटभर अंतर. वळण आलं किंवा कुत्रं आडवं गेलं की आधी ती टाच मागे सरकून तिच्या बोटांवर टेकायची आणि मग गाडी मंदावायची.

नवऱ्याला पाय लागला म्हणून मालिनी दर वेळी हात खाली नेऊन कपाळाला लावायची. श्यामकांत आरशातून बघायचा आणि ओरडायचा, "अगं, धरून बस! नमस्कार घरी जाऊन कर."

तो गाडी इतकी हळू चालवायचा की सायकलवालेही घंटी वाजवून पुढे जायचे. ते राहायचे त्या बेलवलीत त्यावरून त्याची टिंगल व्हायची, पण त्याने कधी मनाला लावून घेतलं नाही. माझ्या मागे माझं माणूस बसलंय, म्हणायचा. मालिनी नुसती दचकून "अगंबाई" म्हणाली तरी त्याचा पाय आणखी जोरात दाबला जायचा. घाबरट होता म्हणा हवं तर, पण ते घाबरणं सगळं तिच्यासाठीच होतं.

हा असा सांभाळून चालवणारा माणूस गेला, पण रस्त्यावर नाही. अंबरनाथ एमआयडीसीतल्या ज्या केमिकल कंपनीत तो सुपरवायझर होता, तिथल्या कँटीनमध्ये दुपारचा चहा पिताना छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं. कंपनीने त्याच्या जागी मालिनीला डिस्पॅचला घेतलं. धाकटा दीर चिंतामणी जवळच्याच एका वर्कशॉपात होता, त्यामुळे वहिनीला नेण्याआणण्याचं काम आपोआप त्याच्याकडे आलं.

चिंतामणीने बुलेट काही महिने चालवून पाहिली आणि हात टेकले. "दादाची गाडी उलट्या पायांची आहे," तो म्हणाला. "माझा पाय कन्फ्यूज होतो. एखाद्याच्या अंगावर घालीन."

"उलटे पाय कुणाचे असतात माहितीय ना?" त्याची बायको कुंदा हसत म्हणाली, आणि पोळ्या लाटणाऱ्या मालिनीकडे लक्ष जाताच तिने जीभ चावली.

बुलेट उल्हासनगरच्या एका सिंधी कापडवाल्याने नेली. तिच्या जागी नवी गाडी आली, हलकी, जपानी धाटणीची, आवाज शिवणयंत्रासारखा. हिचा ब्रेक उजव्या पायाला आणि गिअर डाव्याला. चिंतामणीने साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी लावून घेतली, पाय ठेवायला पट्टी लावून घेतली, आणि नारळ फोडून वहिनीला पहिल्यांदा मागे बसवलं.

त्या संध्याकाळी परत येताना, एमआयडीसीच्या टोकाला जिथे उतार लागतो आणि रस्ता नाल्याच्या कडेने वळतो, तिथे मालिनीच्या पायाच्या बोटांवर टाच टेकली.

जाड रबरी टाच, कडेला झिजलेली. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने ओळखली असती. तिचा हात सवयीने खाली गेला, कपाळाला लागला, आणि मग तिने खाली पाहिलं. चिंतामणीच्या पायात सँडल होती आणि तीही पार पुढे. मधल्या जागेत काहीच नव्हतं, खालून रस्ता सरकत होता. तेवढ्यात गिअर खाडकन खाली पडला, इंजिन किंचाळलं आणि गाडीने असा हिसका दिला की मालिनी दिराच्या पाठीवर आदळली.

"वहिनी, पाय जरा मागे घ्या ना," चिंतामणी म्हणाला. "गिअरला लागतोय."

मालिनी लाजेने अर्धी झाली. विधवा भावजय, रोज दिराच्या मागे बसणारी, त्यात तिचा पाय त्याच्या पायाकडे जातो म्हणजे लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? घरी आल्यावर अंगणात गाडी उभी करून कुंदाने तिला मुद्दाम बसवलं आणि वाकून पाहिलं. मालिनीने पाय ताणला, अंग तिरकं केलं, तरी गिअर वीतभर लांबच राहिला. मेकॅनिकने गिअरबॉक्स उघडून बंद केला आणि गाडी चोख आहे म्हणून सांगितलं.

पण ते थांबलं नाही. देवळापाशी लोक रस्ता ओलांडतात तिथे, शाळेच्या कोपऱ्यावर, नाल्याच्या वळणावर, जिथेजिथे श्यामकांत गाडी हळू करायचा तिथेतिथे टाच मागे सरकायची, तिच्या बोटांवर टेकायची आणि गिअर कोसळायचा. चिंतामणी एकटा असला की गाडी लोण्यासारखी चालायची.

आणि मालिनी? खरं सांगायचं तर मालिनी सुखावली होती. पहिल्या दोन दिवसांत अंगावर काटा आला, नाही असं नाही. पण नंतर ती संध्याकाळची वाट बघायला लागली. ऑफिसातून निघताना तोंड धुऊन, केस नीट करून फाटकाशी यायची. दिवसभरात तेवढाच काय तो स्पर्श, बुटाच्या टाचेचा, तोही चपलेतून बाहेर आलेल्या दोन बोटांना. जगाला सांगितलं असतं तर जगाने अंगारे-धुपारे केले असते. म्हणून तिने तोंडातून ब्र काढला नाही.

मग एका रविवारी चिंतामणी अंगणात पाय पसरून बसला होता. कुंदा आत आहे असं पाहून त्याने मालिनीला हळूच बोलावलं.

"वहिनी, तुमचा पाय नाही लागत. मीच उगाच बोललो तुम्हाला. गिअर माझ्याच पायाने पडतो." त्याने डावं पाऊल पुढे केलं. पावलावर, बोटांच्या जरा वर, काळानिळा वळ उठला होता, रुंद आणि पुढून गोल. "पाय एकदम गार पडतो. वरून कुणीतरी बूट ठेवून दाबल्यासारखं होतं. मी उचलायला बघतो, पण उचलतच नाही. कुंदाला बोलू नका, तिचे दिवस भरत आलेत."

मालिनी त्या वळाकडे बघत राहिली. सुपरवायझरला कंपनी देते त्या बुटाचा पुढचा भाग तसाच असतो. आणि तिला एकदम सगळा उलगडा झाला. ही गाडी श्यामकांतने कधी पाहिलीच नव्हती. त्याच्या लेखी डाव्या पायाखाली ब्रेकच होता. तो बिचारा बायकोला जपायला ब्रेक दाबत होता आणि भावाला मरणाकडे ढकलत होता.

"भाऊजी, मी उद्यापासून रिक्षाने जाते," ती म्हणाली.

"अजिबात नाही. दादा असता तर तुम्हाला शेअर रिक्षात बसू दिलं असतं का? मी सांभाळून चालवीन."

मालिनीने हट्ट धरायला हवा होता. तिने धरला नाही. रिक्षात ती टाच येणार नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एकदाच, तिने मनाला सांगितलं, अजून एकदाच. माणूस असं एकदाच म्हणतो तेव्हा त्याला आकडा मोजायचाच नसतो.

सोमवारी संध्याकाळी हवा कोंदलेली होती, डोळे चुरचुरायला लावणारा कंपन्यांचा वास खाली उतरला होता. नाल्याच्या उतारावर कुठल्याशा टँकरमधून तेल सांडलं होतं, रस्ता चकाकत होता. समोरून दुसरा टँकर चढ चढत येत होता. चिंतामणीने वेग बेताचाच ठेवला होता आणि उजव्या पायाने ब्रेक अगदी अलगद लावत आणला होता.

टाच मागे सरकली. मालिनीच्या बोटांवर टेकली.

"अहो, नका!" ती किंचाळली. "पाय काढा! ब्रेक नाही तो!"

टाच आणखी जोरात रेलली. मालिनीच्या लक्षात आलं. ती घाबरली की ह्यांचा पाय दाबला जायचा, आयुष्यभर तसंच होतं. ती जेवढी ओरडेल तेवढा तो दाबणार. गिअर पडला, मागचं चाक तेलावर तिरकं झालं, चिंतामणी "पाय, पाय" करत हँडलशी झटत होता आणि टँकरचा हॉर्न थांबायला तयार नव्हता.

तिने सीटची कडी सोडली. हात मांडीवर ठेवला. पानात वाढताना बोलायची तशा साध्या आवाजात ती म्हणाली, "अहो, मला काही होत नाही. मी नीट बसलेय. तुम्ही जा आता."

आपल्यात निघणाऱ्या माणसाला कुणी जा म्हणत नाही, या म्हणतात. तिने जा म्हटलं.

बोटांवरचा भार हलका झाला. टाच क्षणभर तशीच टेकून राहिली, तिचं बोलणं खरं आहे का ते पाहत असल्यासारखी, आणि मग उचलली गेली. चिंतामणीचा पाय सुटला, गाडी एकदा डुलली आणि सरळ झाली. टँकर शेजारून गेला, त्याचा गरम वारा मालिनीच्या तोंडावर आला.

वळण संपल्यावर चिंतामणीने गाडी कडेला घेतली. मागे न बघताच त्याने विचारलं, "वहिनी, तुम्ही मला भाऊजी म्हणता. मघाशी अहो कुणाला म्हणालात?"

"चला घरी," मालिनी म्हणाली. "कुंदा वाट बघत असेल."

देवळापाशी माणसं रस्ता ओलांडत होती. शाळेचा कोपरा आला. गाडी छान मंदावली, छान वळली. मालिनीने पायाची बोटं पुढे केली, आणखी पुढे केली. तिथे फक्त वारा होता.

दारात कुंदा पोटावर हात ठेवून उभी होती. दोघांची तोंडं पाहून ती घाबरली. "काय झालं? वहिनी, बोला ना, काय झालं?"

मालिनी पायरीवर बसली. तिने चपला काढल्या आणि उघड्या पायांकडे बघत राहिली.

"हे गेले गं, कुंदा," ती म्हणाली, आणि कँटीनमधून निरोप आला त्या दुपारी जे रडायचं राहून गेलं होतं, ते रडू लागली.