तळ्याकाठचं भांडण

दीपाला देवाचा राग नव्हता. राग यायला समोर कोणीतरी असावं लागतं, असं तिचं म्हणणं. तिला तुच्छता वाटायची ती देवाच्या माणसांची.

तिचा नवरा श्रीरंग आजारात गेला तेव्हा अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमधली झाडून सगळी मराठी मंडळी तिच्या घरी येऊन गेली. वरणभाताचे डबे आणले, चपला दाराशी नीट लावल्या, आणि निघताना प्रत्येकानं तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "यामागे त्याची काहीतरी योजना असणार." दीपा औषध कंपनीत संख्याशास्त्रज्ञ होती. कुठल्या आजारात माणसं किती टिकतात याचे आलेख काढणं हे तिचं रोजचं काम. त्या आलेखांत तिला कधी कुणाची योजना दिसली नव्हती.

"इतकी भिकार योजना आमच्या ऑफिसात कुणी मांडली असती ना, तर दुपारपर्यंत त्याची खुर्ची रिकामी झाली असती," ती मैत्रिणीला, शुभाला, म्हणाली होती.

"अगं, असं नको बोलूस," शुभा म्हणाली आणि छताकडे अशा चेहऱ्यानं बघितलं, जणू वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची माफी मागते आहे.

असली बाई मौन शिबिराला गेली ती सासूपायी. लताबाई, श्रीरंगची आई, मुलगा गेल्यावरही दीपाकडेच राहत होत्या. कधी काही मागायच्या नाहीत. पण शुभानं पोकोनोच्या डोंगरातल्या शिबिराचं सांगितलं आणि त्या म्हणाल्या, "मला जायचंय. पण गाडी कोण चालवणार?"

दीपा लगेच हो म्हणाली, आणि त्याला कारण होतं. तिला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोत, नोकरी मिळाली होती. तिकडचं अपार्टमेंट छोटं, दिवस ऑफिसात जाणार, मुलगा कुश दूर कॉलेजात. लताबाईंना पुण्याला धाकट्या मुलाकडे, जगन्नाथकडे, पाठवायचं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. फक्त सांगायचं राहिलं होतं. शिबिराहून परतताना गाडीत सांगू, असा तिचा हिशेब. देवाची गुंगी चढलेली असताना सुई टोचलेली कळत नाही.

शिबिराची जागा म्हणजे डोंगरातलं एक जुनं हॉटेल. दाराशीच फोन काढून घेतले आणि छातीवर 'मी मौनात आहे' असा बिल्ला लावला. सगळे पांढऱ्या कुडत्यांत. दीपाला वाटलं, आपण चुकून एखाद्या डिटर्जंटच्या जाहिरातीत शिरलो. पहिल्या संध्याकाळी शिबिराचे चालक परीक्षितजी बोलले. आधी ते मॅनहॅटनमध्ये कन्सल्टंट होते. आता एकेक शब्द असा थांबून थांबून उच्चारायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा शब्द आजच जगात आला.

"पेन, वेदना म्हणजे काय?" परीक्षितजी म्हणाले. मागे स्लाइड होती. "पेन म्हणजे फीडबॅक. देव तुम्हाला फायर करत नाहीये. तो तुम्हाला रीडायरेक्ट करतोय."

लोकांनी माना डोलावल्या. एका बाईनं डोळे टिपले, पण आधी कोण बघतंय ते पाहून. दीपानं शेजारी बघितलं. लताबाई हात जोडून, डोळे मिटून बसल्या होत्या. यांना हेही चालतं, तिच्या मनात आलं. देवाच्या नावानं दगड वाढला तरी तूप मागतील.

दुसऱ्या दिवशी मौन लागलं. दीपाला वाटलं होतं, आपली मजा होईल. मजेला विषय तर पावलोपावली होते. किन्वाची खिचडी प्रसादासारखी डोळे मिटून चावणारे लोक. पायाखालच्या गवताची क्षमा मागत चालणारा दाढीवाला. प्रत्येकावर तिच्याकडे एक टोमणा तयार होता. पण दुपारपर्यंत तिला चमत्कारिक काहीतरी जाणवलं. टोमणा सुचला की ती मनात मान वळवून थांबत होती. हसण्याची वाट बघत. श्रीरंग हसायचा. लग्नात, पूजेत, देवळाच्या रांगेत ती त्याच्या कानाशी कुजबुजायची आणि तो खोकल्याचं सोंग करून हसू लपवायचा. इतकी वर्षं तिनं जगाला नावं ठेवली ती त्या एका खोकल्यासाठी. आता ती कुणासाठी ठेवत होती?

हा विचार तिला अजिबात आवडला नाही. असले विचार यावेत म्हणूनच ही माणसं फोन काढून घेतात, लबाड कुठली, असं म्हणून तिनं तो झटकला. पण जेवण गेलं नाही.

दुपारच्या ध्यानाला लताबाई दिसल्या नाहीत. खोलीतही नव्हत्या. दीपा शोधत बाहेर पडली. हॉटेलमागून एक पायवाट पाइनच्या झाडांतून तळ्याकडे उतरत होती. अर्ध्या वाटेवरच तिला आवाज ऐकू आला. कुणीतरी मोठमोठ्यानं भांडत होतं, आणि तेही मराठीत.

तळ्याकाठी उपड्या घातलेल्या होडीवर लताबाई बसल्या होत्या. अंगात श्रीरंगचं जुनं जॅकेट, पायात पांढरे बूट. पाण्याकडे बोट रोखून त्या बोलत होत्या.

"लाज नाही वाटत तुला? इतकी वर्षं तुला न्हाऊ घातलं, आधी तुझा नैवेद्य आणि मग माझं ताट. आणि तू माझ्या ताटातलाच घास उचललास? वर त्या परीक्षितच्या तोंडून मला शिकवतोस? बोलायला दुसरं तोंड नाही मिळालं तुला? आणि ही पोर बघ. मला पुण्याला धाडायला निघालीय. जगन्नाथानं कधीच सांगितलं मला. तिला वाटतं, म्हातारीला काही कळत नाही. जीभ तर तिला तू सुरीसारखी दिलीस. पण माझ्या मुलाचं सगळं, सगळं केलं तिनं, नाक न मुरडता. आता एकटी त्या टोकाला जाईल. तिथे तिला कोण आहे? तुझं काही ठरलंय का तिचं, की नुसताच बसलायस? बोल! तोंड उघड!"

तळं ढिम्म होतं. दीपा पायवाटेवरच थांबली. तिची तक्रार झाली होती आणि वकिलीही झाली होती, दोन्ही एका दमात, आणि तीही जिथे कुणीच राहत नाही असं दीपा म्हणायची तिथे.

"आई," ती म्हणाली.

लताबाई वळल्या. त्या ओशाळल्या मुळीच नाहीत. मधेच कुणी फोन तोडावा तशा वैतागल्या.

"तुझं मौन आहे ना?"

"तुमचं नाही?"

"मी त्याच्याशी बोलत होते. आपसात बोलायचं नाही, एवढाच नियम आहे. मी विचारून घेतलंय."

दीपा होडीच्या दुसऱ्या टोकाला बसली. "मला वाटलं, तुम्ही शांतीसाठी आलात."

"शांती काय करायचीय? घरी ओरडता येत नाही. तू शेजारच्या खोलीत कॉलवर, आणि भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा. इथे मोकळं रान आहे."

"मग रोजची पूजा?"

"ज्याच्याशी भांडायचं त्याला जेवू घालायचं नाही, असं कुठे आहे? श्रीरंगच्या बाबांशी जन्मभर भांडले. उपाशी ठेवलं का?"

"पण तो आहे कशावरून?"

"नसला तर माझा घसा वाया गेला. असला तर ऐकावं लागलं त्याला." लताबाईंनी जॅकेटची चेन वर ओढली. "तू गावाला नावं ठेवत फिरतेस. त्या बिचाऱ्या शुभाला, त्या परीक्षितला. ती माणसं काय, हमाल आहेत. मालाबद्दल बोलायचं तर मालकाशी बोल की."

दीपाला काहीतरी तिखट बोलायचं होतं. तिनं तोंड उघडलंही. पण पाण्याकडे बघता बघता निघालं ते भलतंच.

"शेवटी तो मला ओळखत नव्हता," ती म्हणाली. मग आवाज चढला. "नर्सला माझं नाव विचारत होता! एवढं तरी राहू द्यायचं होतंस. काय बिघडलं असतं तुझं? नालायका!"

आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला. ती हमसाहमशी रडली, नाक कुडत्याच्या बाहीला पुसलं, पुन्हा ओरडली. लताबाईंनी तिला जवळ घेतलं नाही की गप्प केलं नाही. आपली पाळी संपलेल्या माणसासारख्या त्या नुसत्या बसून राहिल्या.

शेवटच्या सकाळी परीक्षितजींनी सगळ्यांना गोलात बसवून विचारलं, कुणाला कसलं गायडन्स मिळालं? दाढीवाल्याला गवतानं काही सांगितलं होतं. डोळे टिपणाऱ्या बाईला प्रकाश दिसला होता. लताबाई म्हणाल्या, "सोय छान होती. वरणात हिंग हवा होता." दीपा म्हणाली, "पास." परीक्षितजींनी हेही एक उत्तर आहे अशा अर्थी डोळे मिटले, आणि दीपाला त्यांचा गळा दाबावासा वाटला. तेवढी तुच्छता तिची शाबूत होती.

डोंगर उतरून हायवेला लागल्यावर ती म्हणाली, "आई, पुण्याचं मी तुम्हाला न विचारता ठरवलं. चुकलं माझं. माझ्याबरोबर क्युपर्टिनोला येता?"

लताबाईंनी विचारलं, "हे त्यानं सुचवलं, की तुझं तुला सुचलं?"

"माझं मला."

"बरं. असेल." त्या 'असेल' शब्दात इतकी तुच्छता होती की दीपानं वळून बघितलं. "येते मी. पण नाही करमलं तर पुण्याला माझी मी जाईन. तू पाठवायचं नाहीस."

उन्हाळ्यात दोघी क्युपर्टिनोला आल्या. लताबाईंना करमलं. खालच्या मजल्यावरच्या एका तेलुगू आजींशी त्यांची मोडक्या हिंदीत गट्टी जमली. तिकडे वेस्ट विंडसरमध्ये शुभा सगळ्यांना सांगते की शिबिरात दीपाला मार्ग सापडला. दीपाच्या कानावर ते येतं आणि अजूनही तिच्या अंगाचा तिळपापड होतो. मार्ग सापडायला ती काय हरवलेली गाय होती? देव मानायला लागलीस का, असं कुशनं फोनवर विचारलं, "मॉम, आर यू रिलिजस नाऊ?" तेव्हा ती म्हणाली, "माझं त्याच्याशी बोलणं चालू आहे. पण आमचं पटत नाही."

हे मात्र खरं होतं. सकाळी ऑफिसला जाताना ट्रॅफिकमध्ये अडकली की ती काचा वर करते आणि त्याला सुनवायला लागते. हातवारे करते, स्टिअरिंगवर थापा मारते, कधी मधेच गप्प होऊन थोडं थांबतेही. शेजारच्या गाडीतल्या लोकांना वाटतं, बाई ऑफिसच्या कॉलवर आहे.