दोन्हीकडून एकदम

माझ्या आईला आणि बाबांना, दोघांनाही ऐकू येत नाही, आणि आमच्या घराइतकं गडबडीचं घर मी दुसरं पाहिलेलं नाही. ऐकणारी माणसं भांडतात तेव्हा एकाला तरी गप्प बसावं लागतं, नाहीतर कुणालाच काही कळत नाही. आमच्याकडे दोघंही एकदम बोलायचे. तिचे हात चालू, त्यांचे हात चालू, आणि दोघांना एकमेकांचा शब्दन् शब्द कळलेला. हातांच्या भाषेत अहो-जाहोही नसतं, त्यामुळे भांडण अगदी बरोबरीचं.

मी हॉस्पिटलात नेटवर्क सांभाळते, म्हणजे भिंतीतल्या वायरी आणि त्यांना जोडणारे स्विच. प्रत्येक मजल्यावर एका कपाटात सात-आठ स्विच एकावर एक रचून जोडलेले असतात. ती सगळी चळत मिळून एकाच मोठ्या स्विचसारखी वागते. एका मजल्याच्या चळतीपासून दुसऱ्या मजल्याच्या चळतीपर्यंत जी वायर जाते, तिच्यावरून अख्ख्या मजल्याचं बोलणं जातं. हे काम मी तेवीस वर्षं करतेय आणि मला त्याचा गर्व आहे. तो त्या दिवशी उतरायचा होता.

चार वाजता बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून त्यांना सकाळीच चौथ्या मजल्यावर वेगळं ठेवलेलं. तिथे भेटायला बंदी, आत मोबाइल न्यायला बंदी. नातेवाइकांनी तळमजल्यावरच्या छोट्या खोलीत बसायचं आणि पडद्यावर बोलायचं. दीड वाजता आई पडद्यासमोर बसली आणि पाच मिनिटांत उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

"काय झालं?" मी हातांनीच विचारलं.

"नको म्हणाला."

"काय नको?"

"मी. बेचाळीस वर्षं संसार केला, आणि आज म्हणतो नको."

आमच्या घरगुती खुणांत 'जवळ ये' म्हणताना तळवा आधी समोर धरायचा आणि मग छातीकडे ओढायचा. तळवा नुसताच समोर धरून ठेवला तर ते 'नको'. मी आत जाऊन पडदा पाहिला. बाबांचं चित्र तुटत होतं, गोठत होतं, मग मध्येच पुढे उडी मारत होतं. हात छातीकडे ओढल्याचं चित्र आईपर्यंत पोचलंच नव्हतं. खालचं चित्र मात्र वर बऱ्यापैकी जात होतं. म्हणजे बायको तोंड फिरवून निघून गेली हे बाबांनी व्यवस्थित पाहिलं होतं.

मी आईला समजावलं. ती कसली मानतेय.

"यंत्रावर ढकलू नकोस. मी त्याचा हात ओळखते."

"सिस्टरकडे चिठ्ठी देऊ का?"

"चिठ्ठीला चेहरा असतो?" ती म्हणाली. आमच्या भाषेतला अर्धा अर्थ चेहऱ्यावरच असतो.

आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे 'बँडविड्थ' म्हणतो, कारण कुठल्याही दुखण्यावर त्यांचं तेच एक औषध: वायरीची क्षमता वाढवा. "बँडविड्थ कमी पडत असेल," ते म्हणाले. "दुसरी वायर टाकून घेऊ. सोमवारपर्यंत होईल."

सोमवार. मी कपाळाला हात लावला आणि आकडे काढले. वायरीचा दहावा हिस्साही वापरात नव्हता. रस्ता मोकळा होता, तरी गाड्या एकमेकींवर आपटत होत्या. टक्करांचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत वाढत होता. हल्लीच्या वायरींवर टक्कर होतच नाही, कारण दोन्ही टोकं एकाच वेळी बोलतात आणि ऐकतात. त्याला फुल डुप्लेक्स म्हणतात. टक्कर होते ती हाफ डुप्लेक्समध्ये, जिथे वॉकीटॉकीसारखं आळीपाळीने बोलायचं असतं.

मग माझ्या लक्षात आलं. वायर जुनी, म्हणून खालच्या टोकाला मीच वेग आणि डुप्लेक्स हाताने पक्के करून ठेवले होते: शंभर, फुल. यंत्रांनी आपापसांत ठरवलेल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे माझं जुनं खूळ. गेल्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरची चळत बदलली तीही मीच, आणि तिथलं टोक पक्कं करायचं विसरले. नव्या स्विचने वरून विचारलं, कसं बोलायचं? हाताने पक्कं केलेलं टोक असल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. माणसांत मौन म्हणजे संमती. यंत्रांत मौन म्हणजे समोरचा जुनाट आहे, आळीपाळीने बोला. झालं. खालचं टोक न थांबता बोलत सुटलं, आणि वरचं बिचारं शांततेची वाट बघत बसलं. त्याने तोंड उघडलं की टक्कर. लहानसहान निरोप निभावून जात होते, म्हणून आठवडाभर कुणाची तक्रार आली नाही. टाळी एका हाताने वाजत नाही हे खरं तर मला कुणी सांगायला नको होतं.

"चूक माझी आहे," मी साहेबांना म्हणाले. "वरचं टोक आत्ताच्या आत्ता दुरुस्त करते."

"भरदुपारी? चुकलं तर अख्खा मजला तुटेल. आणि तुम्हाला वर जायला बंदी."

"इथूनच टाइप करून होईल. दोन सेकंदांचं काम आहे, साहेब."

मग त्यांनी वरच्या सिस्टरला फोन करून कल्पना दिली आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. "मी एकेक अक्षर तपासतो, तुम्ही टाइप करा. आज तुमच्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही." मला खरंच नीट दिसत नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांना बँडविड्थ म्हणत नाही.

वायर क्षणभर मेली आणि परत आली. टक्करांचा आकडा जागच्या जागी थांबला.

तीनला दहा कमी होते. आईला मी काहीच समजावलं नाही, दंडाला धरून आणलं. ती उपकार केल्यासारखी आली. बाबा पडद्यासमोरच बसून होते. सिस्टर म्हणाली, ते तिथून हललेच नाहीत. आई दिसताच त्यांनी तळवा समोर धरला, आणि मग सावकाश, अगदी शेवटपर्यंत, छातीकडे ओढून घेतला.

आई उभीच राहिली. आणि मग दोघं एकदम सुरू झाले. तू नको का म्हणालास, तू उठून का गेलीस, मी कधी म्हणालो, मी डोळ्यांनी पाहिलं. सिस्टरने घाबरून फोन केला, "भांडतायत का? थांबवू?"

"नको," मी म्हणाले. "ते असंच बोलतात." मग मी भिंतीकडे तोंड केलं. आमच्या भाषेत बघणं म्हणजे चोरून ऐकणं.

बऱ्याच वेळाने आईने माझ्या खांद्यावर थाप मारली. "तुला बोलावतोय."

शाळेत, बँकेत, डॉक्टरांकडे, लहानपणापासून मी दोघांचं बोलणं लोकांना आणि लोकांचं दोघांना पोचवत आले. माझं स्वतःचं काही सांगायची वेळ फारशी आली नाही. मी वायरीचंच सांगायला लागले, माझीच चूक होती, वरचं टोक राहून गेलं. बाबांनी हात झटकला: ते राहू दे. मग काय बोलायचं? आठवडाभर ते आम्हाला सांगत होते, काळजीचं काही नाही. मीही त्यांना तेच सांगत होते.

मी हात छातीशी नेला. "मला भीती वाटतेय," मी म्हणाले.

त्यांनी माझं संपायची वाट पाहिली नव्हती. त्याच क्षणी त्यांचाही हात छातीशी होता आणि तेच म्हणत होता. त्यांची बोटं थरथरत होती, आणि पडद्यावर त्यातली एकही थरथर तुटली नाही.